दिवा नको, पेंढा घाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीच्या दिवसांत पीठ कसं आंबवावं यावर एक लेख आला होता. बाकीचा लेख ठीक आहे. पण शेवटी असा सल्ला दिलाय की भांडं खोक्यात ठेवावं, भोवती जुनी कापडं आणि गोणपाट कोंबावं आणि आत साठ वॅटचा दिवा रात्रभर पेटता ठेवावा. हे वाचलं आणि दुपारची झोप बाजूला ठेवून कागद घेऊन बसले. मी दापोलीत एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा दिव्याचा प्रकार मी एकदा स्वतः करून बसले आहे. ते पुढे सांगते. आधी माझ्या मुलाच्या गॅरेजबद्दल लिहायला हवं, कारण या विषयात माझं जे काही शिकणं झालं ते गेल्या दोन हिवाळ्यांत तिथे झालं.

मुलगा स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला असतो. तिथे तो हौसेने घरी बिअर करतो. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय असं काही करणं गुन्हा आहे, तेव्हा हे पत्र वाचून कुणी इथे मागच्या पडवीत पिंप मांडू नये. मी स्वतः दारूला शिवत नाही. पण मुलगा जे करतो ते मन लावून करतो, वहीत नोंदी ठेवतो, आणि अडलं की आईला विचारतो. त्या विचारण्याला मी नाही म्हणत नाही.

गेल्याच्या आधीच्या डिसेंबरात त्याचा फोन आला. म्हणाला, "आई, आंबतच नाहीये." तेवीस लिटरचं प्लास्टिकचं पिंप, त्यात जवाच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा, वर यीस्ट, म्हणजे साखर खाऊन आंबवणारे सूक्ष्म जीव, घातलेलं. झाकणाला पाण्याची एक वाकडी नळी असते, आतला वायू तिच्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत येत नाही. पहिले दोन दिवस बुडबुडे जोरात आले, तिसऱ्या दिवशी मंदावले, पाचव्या दिवशी बंद. त्याला वाटलं काम झालं, आता बाटल्या भराव्यात. मी विचारलं, घनता मोजलीस का? आपल्याकडे दूधवाल्याचं दूध तपासायला लॅक्टोमीटर असतो, तसलाच काचेचा घनतामापी या कामात वापरतात. साखर जितकी जास्त तितका तो वर तरंगतो, साखर संपत गेली की खाली बुडतो. सुरुवातीला आकडा १०४५ होता. संपताना तो १०१० च्या आसपास यायला हवा. त्याने मोजला तर १०२८. म्हणजे निम्म्याहून अधिक साखर अजून आत होती आणि यीस्ट थंडीने गारठून तळाशी जाऊन बसलं होतं. गॅरेजमध्ये सहा अंश, पिंपाला चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर अकरा. त्याच्या जातीच्या यीस्टला अठरा ते बावीस अंश लागतात.

त्या दिवशी त्याने बाटल्या भरल्या असत्या तर? बाटल्या पुढे घरात उबेला आल्या असत्या, झोपलेलं यीस्ट जागं झालं असतं, उरलेल्या साखरेचा वायू बंद बाटलीत कोंडला असता आणि काच फुटली असती. असे अपघात होतात. म्हणून पिंपाची ऊब हा नुसता चवीचा प्रश्न नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

त्याच्या मनात गॅरेजमध्ये हीटर लावायचं होतं. मी त्याला विचारलं, "अढी आठवते का रे?"

कोकणातल्या वाचकाला अढी समजावून सांगायला नको, पण आपलं वर्तमानपत्र घाटावरही जातं म्हणून सांगते. झाडावरून उतरवलेले तयार आंबे माळ्यावर किंवा ओटीच्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्यावर मांडायचे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. याला अढी घालणं म्हणतात. चार-सहा दिवसांनी त्या पेंढ्यात हात घातला की हाताला चक्क ऊब लागते. माझ्या सासूबाई डोळे मिटून कोपरापर्यंत हात घालायच्या आणि सांगायच्या, "उद्या उघडू या." त्यांचा थर्मामीटर म्हणजे त्यांचा हात, आणि तो चुकलेला मी पाहिला नाही. ही ऊब येते कुठून? पेंढा काही गरम नसतो. पिकणारं फळ श्वास घेतं, त्या श्वासातून उष्णता सुटते, आणि पेंढा ती अडवून धरतो. पेंढ्यात तरी काय आहे? पोकळ काड्या आणि त्यांच्यात अडकलेली, न हलणारी हवा. स्थिर हवेइतकं उष्णता अडवणारं स्वस्त काही नाही. पाणी तिच्यापेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पुढे नेतं.

यीस्टचं अगदी तसंच आहे. साखर खाताना तेही उष्णता सोडतं. आम्ही दोघांनी फोनवरच गणित मांडलं. त्याच्या तेवीस लिटरमध्ये आंबण्याजोगी साखर साधारण पावणेदोन किलो. ती सगळी आंबली की एवढी उष्णता सुटते की एक कणही बाहेर गेला नाही तर सगळा काढा दहा अंशांनी तापेल. म्हणजे चूल पिंपाच्या आतच आहे. ती विझते कारण भोवताल तिची ऊब ओढून घेतो. मग बाहेर दुसरी चूल कशाला पेटवायची? आहे तीच झाकून ठेवू.

पेंढा तिथे मिळणार नव्हता. पण पाळीव प्राण्यांच्या दुकानात सशांसाठी सुकं गवत मिळतं, त्याचा एक गठ्ठा त्याने आणला. एक मोठं लाकडी खोकं घेतलं, पिंपाभोवती चारी बाजूंनी वीतभर जागा राहील असं. पहिली गोष्ट मी त्याला करायला लावली ती खालची. पिंप सिमेंटच्या जमिनीवर ठेवलं होतं, आणि थंडीत लादी किती ऊब ओढते हे आपल्या तळपायांना ठाऊक आहे. खाली दोन इंच थर्माकोल, वर फळी, मग पिंप. दुसरं, पिंप बाहेरच्या भिंतीपासून हलवून घराच्या भिंतीला लावलं. मग भोवती गवत, दाबून नव्हे तर सैल, कारण दाबलं की हवा निघून जाते आणि गवताचा उपयोगच संपतो. वरून आम्ही दिलेली गोधडी, त्याच्या आजीच्या नऊवारी लुगड्यांची, मी लग्नात त्याच्या सामानात बांधली होती ती. नळी तेवढी वर मोकळी. झाकणाची बाजू उघडी ठेवून भोवतीच गुंडाळत बसणारे खूप लोक असतात. ऊब वरूनही जाते, आणि नुसत्या बाजू झाकून वर उघडं ठेवणं म्हणजे छत्री काखेत धरून पावसात चालणं.

पण झाकायच्या आधी त्याने ते पिंप दोन दिवस स्वयंपाकघरात ठेवून वीस अंशांवर आणलं आणि हलक्या हाताने हलवून तळाचं यीस्ट वर उठवलं. हे महत्त्वाचं. गोधडी ऊब तयार करत नाही, थंडगार वस्तू गुंडाळली तर ती थंडगारच राहील. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले. नऊ दिवसांनी आकडा १०११ वर येऊन थांबला आणि पुढचे तीन दिवस तिथेच राहिला, तेव्हा कुठे मी बाटल्यांना हो म्हटलं. मग बाटल्याही त्याच गवतात ठेवल्या, कारण बाटलीत फेस धरायलाही दोन आठवडे उबेचे लागतात.

पुढच्या खेपेला दोन चुका झाल्या, आणि मला वाटतं वाचकांना त्याच जास्त उपयोगी पडतील. त्याने पहिल्या दिवसापासून पिंप गवतात पुरलं. पहिल्या तीन दिवसांत यीस्ट सगळ्यात जोरात असतं, आतली चूल धडाडलेली असते. पट्टीवर आकडा पंचवीसवर गेला आणि त्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि नेलपॉलिशसारखा दर्प आला, तो शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हा आता तो पहिले तीन दिवस वरची गोधडी काढून ठेवतो, दिवसातून दोनदा आकडा बघतो आणि जोर ओसरला की मगच पूर्ण झाकतो. दुसरी चूक अशी की त्याच जोरात फेस नळीतून उसळून खाली आला आणि एका बाजूचं गवत चिंब झालं. त्याला वाटलं चालेल. रात्रीतून आकडा चार अंशांनी खाली आला. ओलं गवत म्हणजे ऊब राखणं नव्हे, माठ आहे माठ! आपण उन्हाळ्यात पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं कशासाठी गुंडाळतो? पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. शिवाय काड्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतली की अडवणूकच राहत नाही. ओलं झालेलं गवत ताबडतोब काढून टाकायचं, दोन दिवसांत त्याला बुरशीही येते.

हेच उलट्या बाजूनेही पाहता येतं. आमच्या हर्णै बंदरावर लिलावानंतर मासळी बर्फासह थर्माकोलच्या पेट्यांत भरून जाते. तीच पेटी बर्फ वितळू देत नाही आणि तीच पेटी पिंप गारठू देत नाही. तिला आत थंड आहे की गरम याच्याशी देणंघेणं नाही, ती फक्त येणं-जाणं अडवते. वर्गात मी मुलांना १८३३ सालची गोष्ट सांगायचे. बॉस्टनहून तलावातला बर्फ भरून एक जहाज निघालं आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला लागलं, तेव्हा निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता. त्या जहाजात वीज नव्हती. लाकडी भिंती होत्या आणि ऊब अडवणारं कोरडं भरण होतं.

आता दिव्याचं. साधारण वीस वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही अंडी उबवायची पेटी केली होती. थर्माकोलचं खोकं, आत साठ वॅटचा पिवळा बल्ब, तळाशी गोणपाट. दिवसा सगळं छान चाललं. संध्याकाळी कुणीतरी ऊब जाऊ नये म्हणून वरून आणखी एक पोतं टाकलं. पोतं सरकून आत बल्बाला टेकलं. सुदैवाने शिपाई दरवाजे बंद करायला आला तेव्हा त्याला वास आला. मी धावत गेले. पोत्याला तळहाताएवढा काळा डाग, कडेने लाल धुगधुगणारा, आणि वरचं थर्माकोल मेणासारखं खाली ओघळलेलं. थर्माकोल शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागतो आणि पेटला की काळा, घशात बसणारा धूर करतो. बल्बची काच शंभराच्या कितीतरी वर जाते. त्या खोलीत मुलं नव्हती. त्या काळ्या डागाचं पोतं मी पुढे दरवर्षी आठवीच्या वर्गात नेऊन दाखवलं.

उघड्या जागी बल्ब लावला तर त्याची उष्णता हवेत निघून जाते, म्हणून तो तापूनही सुरक्षित राहतो. तोच गोणपाटात कोंडला की ती उष्णता जाणार कुठे? आपण भोवती जे गुंडाळलंय त्याचं कामच मुळी ती बाहेर न सोडणं आहे. म्हणजे आपल्या लेखातला सल्ला एका हाताने दार बंद करतो आणि दुसऱ्या हाताने आत विस्तव ठेवतो. तोही रात्रभर, घरातली माणसं झोपलेली असताना, बहुतेक घरांत लाकडी माळ्याखाली.

बाहेरून ऊब द्यावीच लागली तर गरम पाणी आहे. दोन लिटरच्या दोन बाटल्यांत साठ अंशांचं पाणी भरून पिंपाशेजारी गवतात ठेवलं, तर ते वीसपर्यंत निवताना एवढी उष्णता देतं की तेवीस लिटरला सहा-सात अंश चढवेल. सकाळ-संध्याकाळ बाटल्या बदलायच्या. पाणी कधी पेटत नाही, आणि वीज गेली तरी आपलं काम करत राहतं, जे कोकणात लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुलगा आता फार कडक थंडीत या कामासाठीच मिळणारा, विजेवर तापणारा पट्टा वापरतो, पण त्याला तापमान-नियंत्रक जोडलेला आहे, नियंत्रकाचं टोक पिंपाच्या अंगाला चिकटवून वर कापूस लावलेला आहे, आणि पट्ट्यावर गवत कधीच येऊ देत नाही. टोक पिंपाला चिकटवायचं, हवेत लोंबकळू द्यायचं नाही. खोलीचं तापमान आणि द्रवाचं तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो, आणि यीस्ट राहतं द्रवात.

थंडीच मानवणारी बिअरची एक जात असते, लागर. तिचं यीस्ट आठ ते तेरा अंशांत सुखाने काम करतं. उलट नॉर्वेतल्या शेतकऱ्यांचं पारंपरिक क्वाइक नावाचं यीस्ट तीस अंशांच्या वरही खुशीत असतं, आणि ते लोक पिंप जाड कपड्यांत गुंडाळून ठेवत आलेत. हे वाचल्यावर मला माझ्या सासूबाईच आठवल्या.

आपल्याकडे परत येते. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते थंडीत कळतं. किनाऱ्यावर हर्णैला समुद्र ऊब धरून असतो. वर दापोलीत पहाटे पारा बारा-तेरावर, एखाद्या साली दहाच्या आसपास उतरतो. हल्ली नव्या बंगल्यांना गाडीसाठी पत्र्याची शेड असते आणि जागा कमी म्हणून पिठाची पातेली, दह्याचं भांडं, कधी आंब्याचीच अढी त्या शेडमध्ये जाते. निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब सरळ आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूने टपटप थेंब पडतात, स्कूटरची सीट ओली होते, तो हाच प्रकार. अशा शेडमध्ये आंबोळीचं पीठ ठेवलं तर सकाळी ते जसंच्या तसं असणार. मग मंडळी दिव्याच्या मागे लागतात.

माझं आंबोळीचं पीठ मी असं ठेवते. वाटताना पाणी कोमट घेते. स्टीलचं पातेलं, वर ताट. खोक्यात तळाला वर्तमानपत्रांची जाड घडी, भोवती भाताचा कोरडा पेंढा, पेंढा नसेल तेव्हा भाताचं तूस उशीच्या खोळीत भरून, वर घोंगडी. शेडमध्ये नाही, माजघराच्या आतल्या भिंतीला. काल रात्री नऊला पिठाचं तापमान एकोणतीस होतं. आज पहाटे सहाला उघडलं तेव्हा सव्वीस. माजघर होतं सतरावर. पीठ पातेल्याच्या काठाला लागलं होतं, वर बारीक बारीक भोकं, बोट लावलं की हलकेच खाली बसत होतं. शेजारच्या वहिनींनी त्यांचं न फुगलेलं पीठ परवा आणून दाखवलं होतं, त्यांचं पातेलंही आता गाडीच्या शेडमधून आत आलं आहे.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारच्या पुरवणीत, लेख ज्या पानावर आला त्याच पानावर, बल्बचा सल्ला मागे घेत असल्याचं चार ओळींत छापावं. पुरवणी इथल्या घराघरांत जाते, बायका पाककृतीचं पान कापून डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवतात, आणि ते कात्रण वर्षानुवर्षं तिथे राहतं. थंडी अजून महिनाभर आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
दापोली, जि. रत्नागिरी